पुरवणी प्रश्न

चौसाळा,
२४ फेब्रुवारी २०१३

नमस्कार.

मी तुमचा फोन उचलत नाही, तो बिघडलाय म्हणून नाही. उचलून उपयोग नाही म्हणून. मी काही सांगायला लागले की तुम्ही 'बघू, बघू' म्हणता आणि पुढच्या वाक्याला फोन धर्मराजच्या हातात. पीए लोकांसाठी ठेवलाय की बायकोसाठी? पत्र निदान दुसऱ्याच्या हाती देण्याआधी फोडावं तरी लागतं. म्हणून आजपासून पत्र. पाकिटावर 'खासदार सुंदरराव' असं तुमचं नाव ठसठशीत लिहिताना हात जरा अडलाच, पण लिहिलं.

दिवाळीला आला नाहीत, संक्रांतीला आला नाहीत. जाताना मी म्हणाले होते की तुम्हाला तिथं बोलता यायचं नाही, त्याचा राग अजून धरलाय हे मला कळतं. ते भांडण तुम्ही घरी आलात की सावकाश करू. हे पत्र कामाचं आहे.

परवा पेपरात तुमचा फोटो आला. नव्या खासदारांसाठी कार्यशाळा, 'संसदेची क्षमतावृद्धी'. गळ्यात बिल्ला, काखेत फाइल, शेजारी परदेशातून शिकवायला आलेले दोघे पाहुणे. खाली लिहिलं होतं, लोकशाही बळकट करायची तर खासदाराला नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तुम्हाला राज्यसभेवर जाऊन आठ महिने झाले आणि तिथं तुमच्या तोंडून शब्द निघालेला मी अजून ऐकलेला नाही. आता क्षमता वाढलीच आहे तर वापरा.

हायवेच्या पलीकडे सोसायटीने चारा छावणी उघडली आहे. उद्घाटनाच्या पाटीवर तुमचं नाव आहे, म्हणजे तुम्हाला माहीत असणार. आपली जनावरं तिथंच बांधली आहेत. बायनाबाईची म्हैस मात्र घेतली नाही. बायनाबाई म्हणजे भीमनगरातली, आपल्या महिला दूध संस्थेची पहिल्या दिवसापासूनची सभासद. नवरा गेल्यापासून एका म्हशीवर घर चालवते. म्हैस दारात आली तेव्हा तिने कोयता खाली ठेवला, पुन्हा ऊस तोडायला गेली नाही.

छावणीच्या फाटकावर सोसायटीचा कारकून बंकट बसतो. तो म्हणाला, "सातबारा दाव."

"जिमीन न्हाई, म्हस हाय," बायनाबाई म्हणाली.

"मंग आदी जिमीन घे आन् तिच्यावर म्हस हुबी करून आन."

मी बंकटला नको ते बोलले आणि तहसीलला गेले. तिथं साहेब म्हणाले, छावणी शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, निकष दिल्लीचे आहेत, आम्हाला हात लावता येत नाही. बंकटने मग मागच्या दाराची वाटही सुचवली, म्हैस कुणा बागायतदाराच्या सातबाऱ्यावर दाखवा. सरूबाईने तेच केलं. तिला जमीन नाही, तिची गाय रामहरीच्या नावावर आत गेली. आता रामहरी म्हणतो, माझ्या नावावर चारा खाते तर दूधही माझ्याच किटलीत. सरूबाई रोज सकाळी स्वतःच्या गाईची धार काढते आणि दुसऱ्याच्या घरी पोचवते.

मी बायनाबाईला म्हटलं, माझ्या नावावर घाल, मी काय रामहरी आहे? तर म्हणाली, "तुमी न्हाई, वैनी. पर तुमच्या मागं तुमची पोरं हायती. म्हस माजी हाय तर माज्याच नावानं आत जाऊ द्या." मला राग आला. घरी येईपर्यंत उतरला, कारण आपली पोरं मला ठाऊक आहेत.

तर प्रश्न एवढाच आहे. ज्याच्याकडे जनावर आहे पण जमीन नाही, त्याचं जनावर त्याच्या स्वतःच्या नावाने छावणीत घ्यायचं की नाही? हो की नाही, एवढंच. उत्तर दिल्लीत आहे म्हणतात, आणि दिल्लीत तुम्ही आहात. बायनाबाई पाडव्यापर्यंत कसंबसं रेटेन म्हणते. त्यानंतर म्हैस बाजारात न्यावी लागेल. अशा दुष्काळात बाजारात म्हशीला कसलं गिऱ्हाईक मिळतं ते तुम्हाला सांगायला नको.

केशर


चौसाळा,
७ मार्च

नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. सोनेरी राजमुद्रेचा कागद. 'आपले पत्र प्राप्त झाले. आपल्या निवेदनावर योग्य ती कार्यवाही करण्यात येत असून आपण आमच्याप्रति दाखविलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत.' खाली तुमच्या सहीचा रबरी शिक्का. अहो, लग्नाला तीस वर्षं होतील आता! इतक्या वर्षांत विश्वास दाखवला म्हणून तुम्ही आज पहिल्यांदा आभार मानलेत आणि तेही धर्मराजकडून. पत्र मी देव्हाऱ्यात ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

पण सोबत प्रश्नाची प्रत होती, त्यामुळे निम्मा राग गेला. प्रश्न चिठ्ठीत निघाला, तारांकित झाला, पंधरा तारखेला सभागृहात येणार. चांगलं झालं. आता तो प्रश्न कसा लिहिलाय ते बघा. मराठवाड्यातल्या दुष्काळाची व्याप्ती किती, सरासरी पर्जन्यमान किती, सरकारने कोणत्या उपाययोजना केल्या, आणखी कोणत्या विचाराधीन आहेत, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात बायनाबाई. लग्नाच्या पत्रिकेत लांबच्या आत्याचं नाव घालतात तसं. मंत्री वरच्या चार भागांची पानंच्या पानं उत्तरं देईल आणि शेवटच्याला येईपर्यंत शाई संपलेली असेल.

तरी हरकत नाही. कार्यशाळेची ती पुस्तिका तुम्ही मागे पाठवली होतीत, 'वाचून ठेव' म्हणून, ती मी खरंच वाचली. तुम्ही वाचलीत का? त्यात लिहिलंय, तारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर आधीच सभागृहात ठेवतात. खरा खेळ त्यानंतर. सभापती ज्याचा प्रश्न त्याला पुकारतात आणि त्याने उभं राहून पुरवणी प्रश्न विचारायचा. मंत्र्याला त्याचं उत्तर तिथल्या तिथं, उभ्या उभ्या द्यावं लागतं. तेव्हा फक्त बायनाबाईचं विचारा. पावसाची टक्केवारी विचारू नका, पाऊस पडला नाही हे आम्हाला माहीत आहे.

तुम्ही उभे राहाल तेव्हा आम्ही सगळ्या डेअरीवर टीव्हीसमोर बसलेल्या असू. हिरवा पटका बांधू नका, टीव्हीत भडक दिसतो.

केशर


चौसाळा,
१५ मार्च

आज नमस्कार नाही.

सकाळचं दूध लवकर घातलं. वीज जाऊ नये म्हणून जनरेटरवाल्याला सांगून ठेवलं. भीमनगरातल्या, वडारवाड्यातल्या, आमच्या आळीतल्या सगळ्या बायका डेअरीत दाटीवाटीने बसल्या. बायनाबाईला मी अगदी पुढं बसवलं. सभापतींनी तुमचं नाव घेतलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू येईना म्हणून मी ओरडले.

मंत्र्याचं उत्तर आधीच टेबलावर आलं होतं. सभापती म्हणाले, पुरवणी प्रश्न. तुम्ही उभे राहिलात. पटका पांढरा होता, छान दिसत होतात. आणि तुम्ही म्हणालात, "माननीय मंत्रीजी ने अपने व्यस्त समय में से समय निकालकर इतना विस्तृत उत्तर दिया, इसके लिए मैं अपने जिले की ओर से उनका हार्दिक आभार प्रकट करता हूं."

आणि बसलात.

सभापतींनी क्षणभर वाट पाहिली, तेही मी पाहिलं. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं. कुणीतरी केरळकडचा माणूस उठला आणि रबराचं बोलायला लागला.

मी काय म्हणू तुम्हाला? तुमची सवय मला पाठ आहे हो. अठरा वर्षं तुम्ही दूध संघाचे चेअरमन होता. आपल्याकडची वार्षिक सभा म्हणजे विषय वाचायच्या आत 'मंजूर, मंजूर', अहवाल उघडायच्या आत 'मंजूर', आणि कुणी सभासद आश्रुबासारखा शंका काढायला उठलाच तर लगेच आभार प्रदर्शन. आभार मानायला माणूस उभा राहिला की सभा संपली, लोक चपला शोधायला लागतात. कुणाला अडचणीत आणायचं नसेल तर आभार मानायचे, हे सहकाराने तुम्हाला शिकवलं. तुम्ही त्यात तयार झालात, नाव काढलंत, आणि त्याच पुण्याईवर दिल्लीला गेलात. पण तिथं तुम्ही चेअरमन नाही! तिथं तुम्ही आश्रुबा आहात. तुम्हाला शंका काढायलाच तर पाठवलंय.

तुम्ही बसल्यावर बायनाबाईने मला विचारलं, "वैनी, आता आपलं इचारतेत का?"

मी म्हटलं, "झालं."

"झालं? काय म्हनले मंत्री?"

"काही नाही. आपण त्यांचे आभार मानले."

ती कसनुसं हसली आणि म्हणाली, "चांगलं हाय की. आपन कुणाचं वाईट कावून बोलायचं?" आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

लेखी उत्तराच्या शेवटच्या भागाचं काय झालं ते तुम्हाला कळलं तर कळवा. नाहीतर राहू द्या.

केशर


चौसाळा,
३० मार्च

नमस्कार.

या वेळी शिक्का नाही, तुमच्या हाताचं पत्र. अक्षर पूर्वीसारखंच, ओळी चढावर चाललेल्या. दोनदा वाचलं.

तुम्ही लिहिता, उभं राहिल्यावर घशाला कोरड पडली. आजूबाजूचे सगळे वकील, प्रोफेसर, धडाधड इंग्रजी बोलणारे. वाटलं, अजून काही विचारलं तर मंत्र्यांना वाटेल यांचं समाधान झालेलं नाही. अहो, पण समाधान झालेलं नाही हेच तर सांगायचं होतं! एवढ्या लांब माणूस पाठवायचा, त्याला बंगला, विमान, कार्यशाळा द्यायची, आणि त्याने 'आमचं समाधान झालेलं नाही' एवढं म्हणायला लाजायचं. कपाळाला हात लावायची वेळ आणलीत.

तरी तुमच्या घशाला कोरड पडली हे वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही घाबरता हे मला कधी माहीत नव्हतं. इथं तर सगळा जिल्हा तुम्हाला घाबरतो.

लेखी उत्तरातलं शेवटचं वाक्य तुम्ही उतरवून पाठवलंत, 'यासंबंधी माहिती संकलित करण्यात येत आहे.' म्हणजे माहिती गोळा होईपर्यंत म्हशीने रवंथ करत बसायचं. आणि पुढे तुम्ही लिहिता की दुसऱ्या खासदाराच्या प्रश्नावरही हात वर करून पुरवणी विचारता येते, हे तुम्हाला आत्ता कळलं. कार्यशाळेत काय शिकवलं मग? शिकवलं होतं, पण तो तास जेवणानंतरचा होता, असंही तुम्हीच लिहिलंय. खरेपणाबद्दल तुम्हाला मानलं.

आता ऐका. घरी तुम्ही प्रश्न कसा विचारता? आमटीत मीठ कमी पडलं तर मिठाची व्याप्ती आणि उपाययोजना विचारत नाही. 'मीठ घातलंय का?' एवढंच म्हणता, आणि उत्तर येईपर्यंत पुढचा घास घेत नाही. मी तीस वर्षं बघतेय, माणूस ढिम्म हलत नाही. तसंच तिथं उभं राहा. इंग्रजी नको, पुस्तकातली हिंदी नको. बीडच्या बसस्टँडवर जी हिंदी बोलता ती बोला. लोक हसले तर हसू द्या, उत्तर मिळेपर्यंत बसू नका.

सुट्टीत घरी याल असं वाटलं होतं. धर्मराज म्हणाला, साहेब अभ्यास दौऱ्यावर आहेत, समुद्रकिनाऱ्याची धूप बघायला. आमच्याकडे धूप व्हायला पाणी नाही, म्हणून असेल. अधिवेशन पुन्हा सुरू व्हायला एप्रिलची बावीस उजाडणार. मध्ये पाडवा. बायनाबाई माझ्या वाट्याचं उसाचं वाढं नेते, पण छावणीतला चारा बाहेर काढायला बंदी आहे आणि बंकट फाटकावर माझी पिशवी तपासतो. खासदाराच्या बायकोची. माझं सोडा, म्हशीच्या बरगड्या दिसायला लागल्यात.

केशर


चौसाळा,
२१ एप्रिल

म्हैस गेली. आजच्या बाजाराला.

मी सोबत गेले होते. व्यापाऱ्याने रिवाजाप्रमाणे भाव सांगायला रुमालाखाली तिचा हात धरून बोटं दाबली, तर बायनाबाईने हात ओढून घेतला आणि म्हणाली, "जे काय हाय ते उघड्यावर बोला." त्याने उघड्यावर सांगितलेला भाव ऐकून मीच मान फिरवली. तिने दिली. अजून एक आठवडा थांब म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मागे तीनदा तेच म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा तिने माझं ऐकलं होतं.

 येताना जीपमधून उतरताना ती म्हणाली, मुकादमाकडे नाव घालते, दिवाळीनंतर टोळीबरोबर उसाला जाईन. या वयात, मोडलेल्या कमरेनं.

मला तुमचा फार राग आलाय. तो कसा लिहायचा ते मला कळत नाही, म्हणून पत्र इथंच थांबवते.

केशर


चौसाळा,
६ मे

नमस्कार.

घरात फोन थांबत नाही, म्हणून तो डेअरीत नेऊन ठेवलाय. सगळ्यांना तुमचा सत्कार करायचाय. सोसायटीवाल्यांना फेटा बांधायचाय, दूध संघाला मिरवणूक काढायचीय, आणि बंकट, हो, तोच बंकट, म्हणतो की पेढ्यांची जबाबदारी माझ्यावर द्या. तुम्ही स्वतः रोज फोन करता, तोही धर्मराजला मध्ये न घालता. मी उचलत नाही म्हणून तुम्ही धाकट्याला विचारलंत, आई अजून का रुसलीय, मी तर बोललो. ते सांगायलाच हे पत्र.

पंचवीस तारखेला तुम्ही बोललात ते मी पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नावर तुम्ही हात वर केलात, सभापतींनी बराच वेळ तुमच्याकडे बघितलं नाही तरी खाली घेतला नाहीत. मग उभे राहिलात आणि म्हणालात, "साहब, मेरे गांव में बायनाबाई करके एक बाई है. उसकी भैंस है, जमीन नहीं है. छावनी में भैंस लेते नहीं. लेना कि नहीं लेना, इतनाच बोलो." मागच्या बाकांवर हशा पिकला. मंत्री दुष्काळाच्या व्याप्तीवर बोलायला लागले. तुम्ही बसला नाहीत. सभापती म्हणाले, बैठिए. तुम्ही हात जोडलेत आणि पुन्हा म्हणालात, "लेना कि नहीं?" मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्याकडून चिठ्ठी घेतली आणि म्हणाले, जनावर असलं की पुरे, जमिनीची अट नाही, तसं राज्याला आजच कळवतो.

मला तुमचा अभिमान वाटला. ऊर भरून आला, डोळे पुसले. इतक्या वर्षांत तुमच्या एकाही सत्काराला मला तसं झालं नव्हतं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला काहीच वाटलं नाही.

परवा तहसीलला कागद आला. काल फाटक उघडलं. भीमनगरातली आणि वडारवाड्यातली जनावरं ज्याच्या-त्याच्या नावाने आत गेली. सरूबाईने रामहरीच्या समोर आपल्या गाईचं नाव बदलून घेतलं आणि आज सकाळी तिचं दूध आपल्या डेअरीत आलं. हे सगळं तुमच्यामुळं झालं, कुणी नाही म्हणणार नाही.

पण त्या दिवशी बायनाबाई टीव्हीसमोर माझ्या शेजारी बसली होती. माझं एकवीस तारखेचं पत्र तुम्हाला तोवर पोचलं नसणार. तुम्ही "उसकी भैंस है" म्हणालात तेव्हा डेअरीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. तिने पदर पुढं ओढला आणि शेवटपर्यंत ऐकलं. उत्तर आल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

काल फाटकावर ती आली होती. दुसऱ्यांची जनावरं आत जाताना बघत बाजूला उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "वैनी, सायबांनी लई चांगलं इचारलं. न्हाई बसले खाली, बगा."

मी म्हटलं, "हो."

"मंत्र्यांनी बी लगीच सांगितलं. काई अवघड न्हवतं म्हना की त्यात."

"नव्हतं."

 मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मंग त्या दिशी कावून न्हाई इचारलं?"

 घशाची कोरड, वकील-प्रोफेसर, आभार, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. तुमच्यातर्फे मी काहीबाही सांगितलं असतं आणि तिने मानही डोलावली असती. पण प्रश्न तुम्हाला आहे.

सत्काराची तारीख मी कुणालाच दिलेली नाही. आधी भीमनगरात जा, फेटा न बांधता, धर्मराजला न घेता. मी बरोबर येणार नाही. तिच्या दारात उभे राहा आणि ती विचारील त्याचं उत्तर द्या. दिवाळीच्या आत या, नंतर ती घरी नसेल.

केशर